महाराष्ट्रातील वाचोपचार सेवा आणि प्रादेशिक विषमता : एक ऐतिहासिक मागोवा (१८८५ ते २०२२)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाची चर्चा प्रामुख्याने सिंचन, रस्ते, वीज, उद्योग आणि उच्च शिक्षण या अंगांनी झालेली आहे. आरोग्यसेवेचा विचार झाला तोही प्राथमिक आरोग्य केंद्रे, खाटा आणि डॉक्टर यांच्या संख्येपुरताच. ज्या सेवांना इमारत फारशी लागत नाही, यंत्रसामग्री मर्यादित लागते, पण प्रशिक्षित माणूस मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि तोही वर्षानुवर्षे लागतो, अशा सेवांचे प्रादेशिक वाटप हा आपल्याकडे इतिहासलेखनाचा विषय झालेला नाही. वाचोपचार, म्हणजे सर्वसामान्यांच्या भाषेत स्पीच थेरपी, ही अशा सेवांपैकी एक होय. जन्मतः बहिरे असलेले मूल, टाळू दुभंगलेले मूल, तोतरे बोलणारा विद्यार्थी, पक्षाघातानंतर वाचा गेलेला शेतकरी, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेला रुग्ण या सर्वांचा या सेवेशी संबंध येतो.

या सेवेचे एक वैशिष्ट्य प्रारंभीच लक्षात घेतले पाहिजे. शस्त्रक्रिया एकदा होते. त्यासाठी गडचिरोलीचा माणूस कर्ज काढून मुंबईस जाऊ शकतो, आणि तसे हजारोजण गेलेलेही आहेत. वाचोपचार मात्र सातत्यावर उभा असतो. त्यामुळे येथे अंतर एकदा नव्हे तर दर आठवड्याला मोजावे लागते. नागपूर ते मुंबई हा लोहमार्ग ८३७ किलोमीटरचा आहे; गडचिरोलीच्या पालकाला त्याआधी नागपूर गाठावे लागते. अशा स्थितीत सेवा कोठे उभी राहिली, हा प्रश्न ती किती चांगली होती या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत निबंधात ही सेवा कोठे, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या पुढाकाराने उभी राहिली याचा मागोवा घेतला आहे.

शाळेच्या पोटी जन्मलेली सेवा

भारतात मुलांना बोलायला शिकविण्याचे संघटित कार्य प्रथम शाळेत सुरू झाले, रुग्णालयात नव्हे. मुंबईत माझगाव येथे मूकबधिरांसाठी स्थापन झालेली संस्था ही या प्रकारची देशातील पहिली शाळा मानली जाते. साधारणतः १८८५ हे तिचे स्थापनावर्ष धरले जाते. तिच्या स्थापनेमागे मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांचा पुढाकार होता. त्यानंतर १८९३ मध्ये कलकत्त्यास आणि १८९७ मध्ये तिरुनेलवेलीजवळच्या पालयमकोट्टै येथे अशा शाळा निघाल्या. पहिली दोन ठिकाणे इलाख्यांच्या राजधान्यांची आणि तिसरे मिशनच्या कार्यक्षेत्रातील, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

युरोपात १८८० च्या मिलान परिषदेने खुणांच्या भाषेऐवजी मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बधिर मुलांच्या शिक्षणाचा अर्थच 'त्यांना बोलते करणे' असा होऊ लागला. या आग्रहाने खुणांच्या भाषेचे किती नुकसान केले हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की, भारतात वाचोपचाराचे पूर्वरूप बधिरांच्या शिक्षकाच्या हातात होते. 'मूकबधिर' हा मराठीत रुळलेला जोडशब्दही त्याच काळाची मानसिकता सांगतो. मूल मुके असते ते बहुतेक वेळा ऐकू येत नसल्यामुळे. पण जोडशब्दात दोन्ही व्यंगे शेजारी बसली आणि त्यांमधील कार्यकारणसंबंध पुसला गेला. ऐकू येत नाही हे वेळेत कळले तर मूल बोलू शकते, ही गोष्ट खेड्यापाड्यांत आजही अनेकांना नवी वाटते. उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या जिभेला वेखंड उगाळून लावणे, 'त्याचा मामाही उशिराच बोलला' असे म्हणून वाट पाहणे, हे उपाय अज्ञानापेक्षा पर्यायाच्या अभावातून टिकून राहिले असे म्हणावे लागते.

शासनाला या लोकांची संख्या ठाऊक नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. १८८१ ते १९३१ या काळातील प्रत्येक जनगणनेत अंध, मुके-बहिरे, वेडे आणि कुष्ठरोगी अशी वर्गवारी करून मोजणी झाली. १९४१ पासून ती बंद झाली. १९८१ मध्ये 'पूर्णतः मुके' असा एक रकाना परतला आणि १९९१ मध्ये पुन्हा नाहीसा झाला. म्हणजे ज्या अर्धशतकात या सेवा मोजल्या जाऊन उभ्या राहावयास हव्या होत्या, त्याच अर्धशतकात त्यांची गरज असलेल्यांची मोजणी जवळजवळ थांबलेली होती.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. आजचा महाराष्ट्र तेव्हा तीन वेगवेगळ्या राजवटींत विभागलेला होता. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश व कोकण मुंबई इलाख्यात, विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. मुंबईच्या शाळा व रुग्णालये विदर्भ-मराठवाड्याच्या रुग्णांची नव्हतीच. त्यांची राजधानी नागपूर किंवा हैदराबाद होती. १९५६ मध्ये हे प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. एका दिवसात मुंबई ही सर्वांची राजधानी झाली. मुंबईतील संस्थांचा आवाका मात्र त्या दिवशी वाढला नाही.

१९६० चे दशक : रुग्णालय, म्हैसूर आणि मुंबई

स्वतंत्र भारतात वाचा व श्रवण हा विषय शाळेतून रुग्णालयाकडे सरकला. कान-नाक-घसा विभागांत श्रवणमापनाची यंत्रे आली आणि त्यांच्या आधाराने वाचोपचाराचा कक्ष निघाला. मुंबईत टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालयाशी संलग्न असे वाचा व श्रवण प्रशिक्षण १९६० च्या दशकात सुरू झाले. देशातील या विषयाच्या आरंभीच्या प्रशिक्षण केंद्रांत त्याची गणना होते. हे रुग्णालय महानगरपालिकेचे आहे, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. महानगरपालिका आपल्या शहराच्या करदात्यांना उत्तरदायी असते. तिने परभणीच्या मुलाचा विचार करावा अशी अपेक्षा करता येत नाही, आणि तरीही तिच्या दारात परभणीचे मूल येत राहिले.

याच सुमारास, १९६५ मध्ये, केंद्र सरकारने म्हैसूर येथे अखिल भारतीय वाचा व श्रवण संस्थेची स्थापना केली. अमेरिकेतील विचिटा येथील वाचाविज्ञान संस्थेचे संचालक डॉ. मार्टिन पामर यांचा सल्ला तिच्या उभारणीत घेण्यात आला होता. जयचामराज वडियार यांनी तिच्यासाठी जागा दिली आणि २५ जुलै १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. देशव्यापी म्हणविणाऱ्या संस्थेचे स्थळ जमिनीच्या उपलब्धतेने व राजाश्रयाने ठरावे, हे त्या काळाला धरूनच होते. म्हैसूरचा त्यात तोटा झाला नाही. कर्नाटकाला, आणि पुढे शेजारच्या राज्यांनाही, प्रशिक्षित मनुष्यबळाचा जो लाभ मिळाला तो मोजण्याजोगा आहे. केरळात १९९७ मध्ये तिरुवनंतपुरम येथे वाचा-श्रवणाची स्वतंत्र राज्यस्तरीय संस्था उभी राहिली.

भारतीय वाचा व श्रवण संघटना १९६७ च्या सुमारास स्थापन झाली आणि व्यवसायाला ओळख मिळाली. पण या नवजात व्यवसायापुढे एक अडचण प्रारंभापासूनच होती. अभ्यासक्रम इंग्रजीत, पाठ्यपुस्तके अमेरिकन आणि पदवीला मागणीही अमेरिकेत. प्रशिक्षित पदवीधरांपैकी लक्षणीय भाग परदेशी गेला आणि उरलेल्यांपैकी बहुतांश महानगरांत स्थिरावला. त्यांना दोष देऊन भागणार नाही. जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी पदच मंजूर नव्हते.

वांद्र्याची राष्ट्रीय संस्था

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे अपंग व्यक्तींचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. त्याच्या प्रभावाखाली केंद्र शासनाने अपंगत्वाच्या प्रकारानुसार राष्ट्रीय संस्था उभारण्याचे धोरण पुढे नेले. श्रवणविषयक संस्था मुंबईच्या वाट्यास आली. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाने ती ९ ऑगस्ट १९८३ रोजी वांद्रे रेक्लमेशन येथे सुरू झाली. पुढे तिच्या नावात वाचा हा शब्दही समाविष्ट झाला. कोलकाता, सिकंदराबाद, दिल्ली परिसर व भुवनेश्वर येथे तिची प्रादेशिक केंद्रे निघाली.

या घटनेकडे महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहिले असता एक विसंगती दिसते. राष्ट्रीय संस्था राज्यात आली याचा अभिमान स्वाभाविक होता. परंतु या विषयाचे पदवी-शिक्षण देणारी महाराष्ट्रातील पहिली दोन्ही केंद्रे, नायर आणि ही संस्था, मुंबई सेंट्रल व वांद्रे अशी एकाच उपनगरी रेल्वेमार्गावर उभी राहिली. संस्थेची प्रादेशिक केंद्रे देशाच्या चार दिशांना गेली, पण राज्याच्या पूर्वेस येण्याचे त्यांना कारण नव्हते, कारण राष्ट्रीय नकाशावर महाराष्ट्राची गरज मुंबईने भागविलेली होती. नांदेडच्या पालकाला मुंबईपेक्षा सिकंदराबादचे केंद्र जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे. १९४८ पूर्वी मराठवाड्याचा रुग्ण हैदराबादकडे पाहत असे. राज्य बदलून तीन-चार दशके झाल्यावरही त्याची सोयीची वाट तीच राहिली. तेथे गेल्यावर भाषेचा प्रश्न येतो हे वेगळे.

नेमक्या याच वर्षी, १९८३ मध्ये, महाराष्ट्र शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि एकूण अनुशेष ३,१८६.७७ कोटी रुपयांचा काढला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५४ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी होता. समितीच्या विचाराधीन क्षेत्रांत आरोग्यसेवा होती. अपंगांच्या उपचारसेवा हे स्वतंत्र क्षेत्र नव्हते. दांडेकरांसारख्या काटेकोर अर्थशास्त्रज्ञाने जे मोजता येते तेच मोजले यात वावगे काही नाही. परंतु 'अनुशेष' हा शब्द पुढे राजकारणाची परिभाषा बनला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समिती आली, २०११ मध्ये विजय केळकर समिती नेमली गेली. या सर्व काळात जे अनुशेषाच्या तक्त्यात नव्हते ते मागणीतही आले नाही. विधिमंडळात सिंचनाच्या अनुशेषावर सभात्याग झाले; वाचोपचारतज्ज्ञांच्या अनुशेषाचा आकडाच कोणापाशी नसल्याने त्यावर वाद होण्याचे कारण नव्हते. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

शिबिरे, शाळा आणि तीन खाती

मग उर्वरित महाराष्ट्राला काय मिळाले? मुख्यतः विशेष शाळा आणि शिबिरे. जिल्ह्याजिल्ह्यांत स्वयंसेवी संस्थांनी मूकबधिर विद्यालये काढली आणि समाजकल्याण खात्याने त्यांना अनुदान दिले. या शाळांतील शिक्षकांनी अपुऱ्या साधनांनिशी केलेले काम दुर्लक्षिण्याजोगे नाही. मात्र मूल शाळेत येते ते सहाव्या-सातव्या वर्षी. भाषा आत्मसात करण्याचा सर्वांत मोलाचा काळ पहिल्या तीन-चार वर्षांचा असतो आणि तो तोवर निघून गेलेला असतो. शाळा ही दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही, हे शिक्षकांनाही ठाऊक होते.

केंद्र शासनाची सहायक साधने पुरविण्याची योजना १९८१ पासूनची. तिच्याखाली श्रवणयंत्रे वाटण्याची शिबिरे तालुक्याच्या गावीही भरली. पुढाऱ्यांच्या हस्ते यंत्र देतानाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येते. यानंतरचे मात्र छायाचित्रात येत नाही. मुलाचा कान वाढतो तसा कानातला साचा बदलावा लागतो, नाही तर यंत्र शिटी वाजवू लागते आणि मूल ते काढून टाकते. बॅटरी संपते. यंत्र नीट चालले तरी मुलाला केवळ आवाज ऐकू येतो. आवाजाचा शब्द करण्यासाठी आईला आणि मुलाला कोणीतरी महिनोन्महिने शिकवावे लागते. शिबिराने यंत्राचे वाटप झाले, वाणीचे झाले नाही.

दुभंगलेल्या टाळूच्या बाबतीतही असेच घडले. मोफत शस्त्रक्रियांची सोय विसाव्या शतकाच्या अखेरीपासून लहान शहरांपर्यंत पोहोचली. टाळू शिवला गेला, चेहरा सुधारला. पण नाकात बोलण्याची सवय शस्त्रक्रियेने आपोआप जात नाही. २०१४ मध्ये साधनांची केंद्रीय योजना सुधारून तीत कॉक्लिअर इम्प्लांटसाठी प्रति मूल सहा लाख रुपयांपर्यंत तरतूद झाली, तेव्हा हे दुखणे अधिकच तीव्र झाले. इतक्या महागड्या उपकरणाचा उपयोग पुढील वाचोपचारावरच अवलंबून असतो आणि तो उपचार बव्हंशी मोठ्या शहरात मिळतो. परिणामी काही कुटुंबे शहरात खोली घेऊन राहिली. बाप गावी शेतात, आई मुलाला घेऊन पुण्यात किंवा मुंबईत, अशी कुटुंबाची फाळणी हा या विषमतेचा कोणत्याही अहवालात न येणारा खर्च होय.

प्रशासनातही सेवा विभागली गेली. विशेष शाळा समाजकल्याण, पुढे सामाजिक न्याय विभागाकडे. रुग्णालये आरोग्य व वैद्यकीय शिक्षण विभागांकडे. सर्वसाधारण शाळेतील अपंग मुलांसाठीची १९७४ ची एकात्म शिक्षण योजना आणि पुढे सर्व शिक्षा अभियान शिक्षण खात्याकडे. एकाच मुलाचा कान एका खात्याकडे, जीभ दुसऱ्याकडे आणि पाटी तिसऱ्याकडे असा प्रकार झाला.

कोणती मराठी शुद्ध?

विषमतेची आणखी एक बाजू भाषेची आहे आणि ती इतिहासकारांनी तपासण्याजोगी आहे. वाचोपचारात मुलाचे उच्चार चित्रे दाखवून तपासले जातात. डोळा, केळे, पाणी अशी चित्रे. मूल काय म्हणते यावरून दोष ठरतो. आता वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात 'डोळा' हा 'डोया' असतो आणि 'केळी' ही 'केयी' असते. अहिराणीतही 'ळ'च्या जागी 'य' ऐकू येतो. आगरी बोलीत 'डोला' म्हणतात. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणारा मराठी भाषक तर राज्याच्या बहुतेक भागांत आढळतो. ही बोलीची रूपे आहेत, वाचादोष नव्हेत. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने १९०५ मध्येच मराठीच्या बोलींची नोंद केलेली होती. परंतु मुंबईत इंग्रजी माध्यमातून शिकलेला तज्ज्ञ मुंबई-पुण्याच्या प्रमाण मराठीवर बेतलेली चाचणी घेऊन अकोल्याच्या मुलासमोर बसला, तर त्या मुलाचा 'य' चुकीच्या रकान्यात जाण्याचा संभव असतो.

मेळघाटात प्रश्न याहून अवघड होतो. तेथे घरची भाषा कोरकू, जी मराठीच्या कुळातली नाही. गडचिरोलीत माडिया-गोंडी, नंदुरबारमध्ये भिल्ली व पावरी. अशा मुलाला भाषाविकासात अडचण आहे की त्याला केवळ मराठी येत नाही, हे ओळखण्यासाठी त्याच्या भाषेतील मापदंड हवेत आणि ते तयार करण्यासाठी त्या भाषेचे जाणकार या व्यवसायात हवेत. प्रशिक्षणाची दारे मुंबईत, प्रवेशासाठी बारावी विज्ञान, शिक्षण इंग्रजीत. या तीन चाळण्यांतून कोरकू भाषक किती पार पडतील याचे उत्तर देण्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही.

कायदा आणि गणना

भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ मध्ये झाला आणि वाचोपचारतज्ज्ञांच्या नोंदणीस वैधानिक आधार मिळाला. अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या कायद्याने मात्र सात प्रकारचे अपंगत्व मान्य केले. त्यात श्रवणदोष होता, वाचादोष नव्हता. ज्याला ऐकू येते पण बोलता येत नाही, त्याला या कायद्याने स्वतंत्र स्थान दिले नाही. २००१ च्या जनगणनेत पुन्हा मोजणी झाली. देशातील २,१९,०६,७६९ अपंग व्यक्तींपैकी १६,४०,८६८ व्यक्ती वाचादोषाच्या आणि १२,६१,७२२ व्यक्ती श्रवणदोषाच्या निघाल्या. एकूण अपंगांपैकी १,६३,८८,३८२ ग्रामीण भागात होते, म्हणजे दर चारांतील जवळपास तीन. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, वाचादोषाची संख्या १९,९८,५३५ झाली आणि श्रवणदोषाची ५०,७१,००७ वर गेली. दशकभरात देश चौपट बहिरा झाला नाही. व्याख्या आणि विचारण्याची पद्धत बदलली. या आकड्यांवर जिल्हावार नियोजन करणाऱ्याने ही सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने एकवीस प्रकार मान्य करून वाचा व भाषा दिव्यांगत्वाला अखेर वेगळे नाव दिले. तथापि त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणे, वाचाघात यांसारख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांशी बांधलेली आहे. सर्वसाधारण तोतरेपणा तीत सहसा बसत नाही. शिवाय प्रमाणपत्रासाठी तपासणी लागते आणि तपासणीसाठी तज्ज्ञ. म्हणजे जेथे सेवा नाही तेथे तिची गरज सिद्ध करण्याचे साधनही नाही.

पालघरपासून पालघरपर्यंत

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चित्र काहीसे हलले. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ च्या सुमारास देशातील २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालय हे प्रथमच या सेवेचे अधिकृत स्थान ठरले. म्हैसूरच्या संस्थेने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या साहाय्याने पदविका अभ्यासक्रम इतर राज्यांतील केंद्रांपर्यंत नेला. त्यानंतर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील शुभारंभ महाराष्ट्रात पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत व शाळेत करावी, दोष आढळल्यास मुलाला जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे, अशी त्याची रचना. तपासावयाच्या बाबींत श्रवणदोष, दुभंगलेले ओठ-टाळू व भाषाविकासातील विलंब यांचा समावेश होता आणि केंद्रात श्रवण व वाचोपचारतज्ज्ञाचे पद कल्पिलेले होते. शाळेच्या आधी मुलापर्यंत पोहोचण्याचा हा राज्यव्यापी पातळीवरील पहिला गंभीर प्रयत्न म्हणावा लागेल.

पदे कंत्राटी होती. शहरात खाजगी व्यवसायात मिळणारे उत्पन्न आणि आडगावच्या जिल्ह्यातील अकरा महिन्यांचा करार यांत नवा पदवीधर काय निवडील हे उघड होते. २०२० च्या टाळेबंदीत दूरध्वनी व संगणकाद्वारे उपचार देण्याची पद्धत रूढ झाली. तिचा लाभ ज्यांच्याकडे चांगला मोबाइल आणि नेटवर्क होते त्यांना झाला. ओठांच्या हालचाली स्पष्ट दिसाव्यात आणि आवाज न तुटता यावा, एवढी माफक अपेक्षाही सातपुड्याच्या पाड्यांवर पुरी होत नव्हती. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग स्थापन केला. विशेष शाळा त्याच्याकडे आल्या. रुग्णालये व शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आरोग्य विभागाकडेच राहिली.

ज्या पालघरमध्ये २०१३ चा कार्यक्रम सुरू झाला ते तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. पालघर स्थानकावरून मुंबईची गाडी मिळते. वांद्रे व मुंबई सेंट्रल त्याच लोहमार्गावर आहेत. याच जिल्ह्यातील मोखाड्याला रेल्वे नाही. तेथल्या वारली किंवा कोकणा कुटुंबाला मुलाला घेऊन पालघरच्या केंद्रात यायचे तर एसटीने घाट उतरावा लागतो. येण्या-जाण्यात दिवस मोडतो, दिवसाची मजुरी बुडते, आणि अर्ध्या तासाच्या उपचारानंतर पुढच्या आठवड्यात पुन्हा यावे असे सांगितले जाते.